विहिरीत पाणी वाढलं, पण कशामुळे?

(आमच्या पॉडकास्टवर झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्नही दिले आहेत.)



आधी स्वतःबद्दल थोडक्यात. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, बीटेक झालेला, पुण्यात नोकरी करतो. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही आणि ‘धोरण संशोधन’ हा शब्द मला बराच उशिरा कळला. मग या विषयावर मी का बोलतोय? कारण हे काम मी एकदा केलं होतं. नकळत केलं होतं, चुकीचं केलं होतं, आणि त्याचा भुर्दंड माझ्या काकांना पडला.

आजचा प्रश्न साधा आहे. सरकारनं एखादी योजना राबवली. पुढच्या वर्षी परिस्थिती सुधारली. तर ती योजनेमुळे सुधारली हे आपल्याला कसं कळतं? रस्ता असो, शाळा असो, लसीकरण असो, सगळीकडे हाच प्रश्न. मी तो पाण्याच्या बाबतीत सांगणार आहे, कारण मला तो तिथेच भेटला.

माझं गाव जालना जिल्ह्यात. नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे माझ्या गावात झालं तसं आणखी शंभर गावांत झालंय. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस सरासरीच्या खूप खाली राहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या काळात आमच्याकडे जलयुक्त शिवारची कामं झाली. पोकलेन आलं, नाल्याचं खोलीकरण झालं, दोन सिमेंट बंधारे बांधले, बांधबंदिस्ती झाली. आणि २०१६ ला पाऊस चांगला पडला. सप्टेंबर-ऑक्टोबरला नाले भरून वाहिले. बंधाऱ्यापाशी उभं राहून लोकांनी फोटो काढले, मीही काढले. तो आनंद खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत होतो. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिच्या राज्यभरात काही हजार निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. आमच्या भागातल्या विहिरींचे आकडे मी मिळवले, एक छोटा डॅशबोर्ड बनवला. ऑक्टोबर २०१५ विरुद्ध ऑक्टोबर २०१६. आमच्या गावची पातळी जवळपास दीड मीटरनं वर आलेली. लाल ठिपका हिरवा झाला. वर मोठ्या अक्षरात शीर्षक दिलं, ‘योजनेचा परिणाम’. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा लॅपटॉपवर ते सगळ्यांना दाखवलं. मग कुणीतरी ग्रामसभेत दाखव म्हणालं, तिथेही दाखवलं. काका पहिल्या ओळीत बसले होते. रात्री जेवताना मला म्हणाले, ‘‘म्हंजे आता पाणी वाढलं हे पक्कं नं?’’

मी म्हणालो, ‘‘हो काका, डेटा आहे.’’

त्या जूनमध्ये काकांनी दोन एकरांवर मोसंबी लावली. सव्वादोनशे झाडं, ठिबक, त्यासाठी कर्ज. आता मोसंबीचं गणित तुम्हाला माहीत असेल. चार-पाच वर्षं झाड नुसतं जगवायचं, मग फळ. म्हणजे मोसंबी लावणारा माणूस पुढच्या पाच उन्हाळ्यांच्या पाण्यावर पैज लावत असतो. माझ्याकडे आकडे होते दोन ऑक्टोबरचे.

२०१८ ला पाऊस दडी मारून बसला. ऑक्टोबर संपताना सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. जानेवारीत काकांची विहीर तळाला गेली. बोअर घेतलं, धुरळा उडाला. दोन वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात वीस-पंचवीस लिटर तरी रोज लागतं. सव्वादोनशे झाडं म्हणजे दिवसाला पाच हजार लिटर, म्हणजे दोन दिवसांना दहा हजार लिटरचा एक टँकर. मार्च, एप्रिल काकांनी तसे काढले. मेमध्ये पैसे संपले. निम्मी बाग त्या उन्हाळ्यात वाळली, उरलेली पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच काढून टाकली.

काका मला एक शब्द बोलले नाहीत. काकू बोलली. ‘‘तुह्या कॉम्प्युटरातलं पाणी झाडाला घालता आलं असतं तर बरं झालं असतं, बाळा.’’

माझा ग्राफ नसता तरी काकांनी बाग लावली असती का? कदाचित लावली असती, त्या वर्षी पुष्कळांनी लावली. पण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी ‘हो’ म्हणालो होतो.

चूक नेमकी कुठे होती

मी कुठलाही आकडा खोटा टाकला नव्हता. कोडमध्ये बग नव्हता. पातळी दीड मीटरनं वाढली हे खरंच होतं. चूक शीर्षकात होती. ‘योजनेचा परिणाम’ हे मी कशावरून म्हणालो? आधी आणि नंतर, एवढ्याच दोन मोजमापांवरून.

याची मला जास्त लाज वाटते ती माझ्या धंद्यामुळे. आमच्याकडे ॲपमधल्या एका बटणाचा रंग बदलायचा असला तरी आम्ही ए/बी टेस्ट करतो. निम्म्या लोकांना जुनं बटण, निम्म्यांना नवं, आणि त्याच आठवड्यात दोन्हींची तुलना. का? कारण दिवाळीच्या आठवड्यात खरेदी अशीही वाढते. नवं बटण दिवाळीला लावलं आणि ‘बघा, बटणामुळे विक्री वाढली’ असं कुणी म्हणालं तर मॅनेजर त्याला मीटिंगमधून उठवेल. आणि मी? मी पाऊस पडलेल्या वर्षाची तुलना दुष्काळी वर्षाशी केली आणि श्रेय बंधाऱ्याला दिलं. पाऊस ही माझी दिवाळी होती.

नुसत्या पावसानं किती फरक पडतो, याचा हिशेब करून बघू. वहीवर होण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या चार पंचमांश भागाखाली बेसॉल्ट आहे, आपला काळा पाषाण, मधूनमधून मुरूम आणि मांजऱ्या. हा दगड स्पंजासारखा नाही. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये भेगांतून वापरता येईल असं पाणी साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे जमिनीत २० मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरीची पातळी एक मीटरनं वर येते. आणि पडलेल्या पावसापैकी मुरतं किती? भूजलाचा अंदाज काढण्याच्या सरकारी पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी सुमारे सात टक्के धरतात. बाकीचं वाहून जातं, मातीत राहतं, उडून जातं.

आता सोपे आकडे घ्या. दुष्काळी वर्षी ४०० मिलिमीटर पाऊस. त्याचे सात टक्के २८ मिलिमीटर, म्हणजे विहिरीत १.४ मीटर. चांगल्या वर्षी ८०० मिलिमीटर. सात टक्के ५६, म्हणजे २.८ मीटर. फरक १.४ मीटर. एकही बंधारा न बांधता, एकही फावडं न मारता! माझ्या डॅशबोर्डवर काय होतं? दीड मीटर.

त्यात आणखी एक गोष्ट. पाऊस चांगला असला की लोक सप्टेंबरपर्यंत मोटार कमी चालवतात. उपसा कमी, म्हणून पातळी आणखी वर. ह्यालाही मी ‘योजनेचा परिणाम’च म्हणालो असतो.

हा सापडा एकट्या माझ्यासाठी लावलेला नव्हता. दुष्काळाच्या योजना कधी जाहीर होतात? दुष्काळात. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं, पाऊस बुडालेल्या वर्षी. सगळ्यात वाईट वर्षी आपण काम सुरू करतो आणि त्यानंतरचं एखादं वर्ष बरं निघणारच असतं. अंगात ताप चढला की आपण गोळी घेतो, आणि तापही बहुतेक वेळा आपल्या गतीनं उतरतोच. गोळीनं काही केलं का, हे सांगायला गोळी न घेतलेला माणूस शेजारी लागतो.

शेजारचं गाव

२०२० च्या सप्टेंबरमध्ये, लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होतो, तेव्हा जलयुक्त शिवारवरचा कॅगचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च, बावीस हजारांवर गावांत कामं. कॅगनं सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासली आणि निष्कर्ष काढला की गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणं आणि भूजल वाढणं, या दोन्हींवर योजनेचा फारसा परिणाम दिसत नाही. काही गावांत ठरवल्यापेक्षा कमी साठा झाला असूनही ती स्वयंपूर्ण जाहीर केली होती, हेही त्यात होतं. त्याच्या बरंच आधी अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी नाला खोलीकरणाच्या शास्त्रीयतेवरून उच्च न्यायालयात याचिका केली होती, आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली होती. पुढे अहवालावर राजकारण झालं, चौकशी झाली, सरकार बदललं, योजनेचा दुसरा टप्पा आला. ते सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे, त्यात मी जात नाही.

मी काय केलं ते सांगतो. जुना कोड उघडला. या वेळी माझ्या गावासोबत आजूबाजूच्या त्या विहिरी घेतल्या जिथे तोवर कामं झालेली नव्हती. खडक तोच, पाऊस जवळपास तोच. दोन्हींच्या रेषा एकाच कागदावर काढल्या. २०१५ ते २०१६, आमची विहीर दीड मीटर वर. काम न झालेल्या गावांच्या विहिरीही जवळपास तेवढ्याच वर. रेषा एकमेकींवर बसत होत्या.

बराच वेळ मी ते बघत बसलो. ह्याला दोन दिवस लागले होते. हेच दोन दिवस मी २०१७ मध्ये घातले असते तर?

पण थांबा. यावरून ‘योजना फसली’ असं म्हणता येतं का? माझ्या आकड्यांवरून तेही नाही म्हणता येत. गावात निरीक्षण विहीर एखादीच असते. ती बंधाऱ्यापासून लांब असेल तर तिला बंधारा कळतही नाही. कदाचित बंधाऱ्याजवळच्या पाच शेतकऱ्यांना खरंच फायदा झाला असेल. आणि २०१८ चा दुष्काळी ऑक्टोबर घेऊन कुणी म्हणालं, ‘बघा, पातळी खाली गेली, योजना वाया गेली’, तर ती माझीच चूक आहे, फक्त उलट्या बाजूनं. दोन्ही पक्षांचे लोक व्हॉट्सॲपवर हेच करतात. एकाकडे २०१६ चा फोटो असतो, दुसऱ्याकडे २०१९ चा.

तुलनेची ही कल्पना परदेशातून आलेली नवी गोष्ट आहे असंही नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी केली होती. तिचा अहवाल १९४८ चा आहे. कालव्याखालच्या गावांची भरभराट डोळ्यांना दिसतच होती. तरीही त्यांनी कोरडवाहू गावांचा हिशेब शेजारी ठेवला, म्हणजे कालव्यानं नेमकी किती भर घातली ते कळावं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. घरोघर फिरून, हातानं तक्ते भरून केलेलं काम आहे ते.

आणि सरकारी योजनेत अशी तुलना करणं महाग किंवा क्रूर असतं असंही नाही. मेक्सिकोचं उदाहरण मला फार आवडतं. १९९७ मध्ये तिथे गरीब कुटुंबांना पैसे देण्याची एक योजना सुरू झाली, मुलांना शाळेत पाठवा आणि दवाखान्यात तपासून घ्या या अटीवर. प्रोग्रेसा तिचं नाव. सगळ्या गावांना एकदम पैसे देणं शक्य नव्हतंच. मग त्यांनी अभ्यासासाठी ५०६ गावं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३२० गावं आधी निवडली, १८६ गावांना नंतर सामील केलं. मधल्या काळात ही १८६ गावं तुलनेसाठी मिळाली. मुलं शाळेत जास्त टिकतात हे दिसलं. २००० साली तिथे सत्तापालट झाला, तरी नव्या सरकारनं योजना बंद केली नाही, नाव बदलून वाढवली. तिथे दाखवायला पुरावा होता.

आता आपल्याकडे बघा. जलयुक्त शिवारचं उद्दिष्ट होतं दरवर्षी पाच हजार गावं. म्हणजे काही गावं पहिल्या वर्षी आणि काही चौथ्या वर्षी येणार हे ठरलेलंच होतं. एका तालुक्यातल्या पात्र गावांपैकी पहिली कोण, हे चिठ्ठीनं ठरवलं असतं, सगळ्या गावांत आधीपासून चार-चार विहिरी मोजायला घेतल्या असत्या, तर चौथ्या वर्षीची गावं हीच पहिल्या वर्षीच्या गावांची तुलना झाली असती. कुणाचंही पाणी तोडावं लागलं नसतं. खर्च? पोकलेनच्या डिझेलच्या मानानं काहीच नाही. आज एवढे कोटी खर्च होऊनही आपण ‘काम झालं की नाही’ यावर भांडतोय, त्याचं कारण हे आहे की मोजायची वेळ होती तेव्हा मोजलं नाही.

पाणी बटणासारखं नसतं

इथवर मी माझ्या धंद्यातली शहाणीव सांगितली. पण पाण्यात ती पुरत नाही, आणि हे मला गावातल्या लोकांनी शिकवलं.

ए/बी टेस्टमध्ये एकाला निळं बटण दाखवलं म्हणून दुसऱ्याचं बटण नाहीसं होत नाही. पाण्यात होतं. वरच्या गावानं नाला अडवला की खालच्या गावाच्या नाल्याला पाणी उशिरा येतं, कमी येतं. समजा मी तुलनेसाठी नेमकं खालचंच गाव घेतलं. वर पातळी वाढली, खाली उतरली, आणि मी दोन्हींमधला फरक ‘फायदा’ म्हणून मोजला. प्रत्यक्षात पाणी नुसतं सरकलं! नाशिक-नगरची धरणं आणि जायकवाडी यांच्यात दर कमी पावसाच्या वर्षी हेच भांडण असतं, फक्त आकार मोठा. एका गावाचं यश मोजताना खालच्या गावाला विचारलं नाही तर ते मोजणं अपुरं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मी फक्त किती पाणी आलं ते मोजलं, किती उपसलं ते मोजलंच नाही. पाणी वाढलंय असं एकदा सगळ्यांना वाटलं की काय होतं? माझ्या काकांनी मोसंबी लावली. शेजाऱ्यानं ऊस केला. तिसऱ्यानं शेततळं खणून प्लॅस्टिक अंथरलं. शेततळं पावसाचं पाणी धरायला असतं असं आपण समजतो. पण अभ्यासकांनी अनेक गावांत दाखवलंय की अशी अस्तराची तळी विहिरी-बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर काढायचं आणि उन्हात उघडं ठेवायचं. ज्याच्याकडे तळ्याला पैसे आहेत त्याचं पाणी सुरक्षित, ज्याच्याकडे नाहीत त्याची विहीर आधी आटते.

म्हणजे बंधाऱ्यानं खरंच पाणी वाढवलं असेल आणि ते ऑक्टोबरमध्येच संपलं असेल. विहिरीकडे बघून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

हे ज्यांना आधी कळलं ते विलासराव साळुंखे. तेही इंजिनियर, पुण्यातले उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातलं चित्र बघून ते नायगावला गेले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. बांध तर त्यांनी घातलेच, पण खरी गोष्ट त्यांच्या नियमांत होती. पाणी जमिनीच्या हिशेबानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबानं मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. आजही हे नियम कुठल्या गावात मांडून बघा, किती गोंधळ होतो ते कळेल.

दुसरं उदाहरण हिवरे बाजार. सगळे तिथले चर आणि झाडं बघायला जातात. मी गेलो तेव्हा मला आवडली ती पाण्याची जमाखर्चाची पाटी. यंदा पाऊस किती पडला, पाणी किती साठलं, पिण्याला आणि जनावरांना किती, उरलं किती, आणि त्यात कुठली पिकं बसतात. हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम आहे. पाऊस कमी झाला की पीक बदलतं. त्या गावाचं पाणी कुठून येतं हे सगळे विचारतात, कुठे जातं हे ते स्वतः रोज लिहितात.

मला जर संशोधनाला निधी द्यायला सांगितलं तर मी आणखी एक बंधारा मोजणार नाही. मी असं विचारेन की ज्या गावांनी वापराचे नियम केले आणि ज्यांनी नुसते बंधारे बांधले, त्यांच्या विहिरी मार्चमध्ये कशा आहेत? ऑक्टोबरमध्ये सगळीच गावं हिरवी असतात.

तुम्ही काय विचाराल

हे ऐकणाऱ्यांत बरेच जण माझ्यासारखे आहेत. गाव सुटलंय, लॅपटॉप आहे, काहीतरी करावंसं वाटतं. तर गावाकडून किंवा कंपनीच्या सीएसआरमधून ‘यशोगाथा’ आली की चार गोष्टी विचारा.

एक, तुलना कुणाशी केली? फक्त आधी-नंतर असेल तर शेजारच्या गावाचा आकडा मागा.

दोन, त्या वर्षी पाऊस किती होता? आकड्याशेजारी पाऊस लिहिलेला नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

तीन, काम सुरू व्हायच्या आधी कुणी मोजलं होतं का? नंतर ‘आधी फार वाईट होतं’ असं सगळेच सांगतात.

चार, यात कुणाचं कमी झालं? खालच्या गावाचं, भूमिहीनाचं, बोअर न परवडणाऱ्याचं.

आणि ग्राफ बनवत असाल तर शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. आता माझ्या ग्राफवर लिहिलेलं असतं, ‘पाणीपातळी, ऑक्टोबर २०१५ आणि २०१६’. कंटाळवाणं आहे, पण त्यावर कुणी बाग लावणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: दुष्काळात लोकांना आज पाणी हवं असतं. तेव्हा तुलना आणि मोजमाप करत बसायचं का? सरकारला काही करूच द्यायचं नाही का?

उत्तर: टँकर पाठवायला कुठलंही संशोधन लागत नाही, चारा छावणीलाही नाही. ती मदत लगेच गेलीच पाहिजे. मी बोलतोय ते पुढच्या दहा वर्षांचं पाणी बदलण्याचा दावा करणाऱ्या कामांबद्दल. तिथे मोजण्यासाठी काम थांबवायचं नसतं, कामासोबतच मोजायचं असतं. आणि न मोजण्यालाही खर्च आहेच. तो पोकलेनच्या बिलात दिसत नाही, काकांच्या कर्जखात्यात दिसतो.

प्रश्न: काकांचं आता कसं चाललंय?

उत्तर: काका आता खरिपाला कापूस, तूर घेतात, पाणी असेल तर रब्बीला हरभरा. मोसंबीचं कर्ज फिटायला बरीच वर्षं लागली. काही हप्ते मी भरले. ते त्यांना आवडलं नाही, पण काकूनं घेतले. दर दसऱ्याला मी गावी जातो तेव्हा आम्ही दोघं टेप घेऊन सात विहिरी मोजतो. चार आमच्या गावातल्या, तीन खालच्या गावातल्या. मार्चमध्ये काका एकटेच मोजतात आणि मला फोनवर आकडे सांगतात. पाऊस मोजायला शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवलाय, त्याची नोंद सातवीतली मुलं ठेवतात. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या आहेत. मागच्या वर्षी ग्रामसभेत काकांनी स्वतः त्या वाचून दाखवल्या. एकानं विचारलं, ‘‘मग पाणी वाढलं का कमी झालं?’’ काका म्हणाले, ‘‘पावसाचं वजा करून सांगतो, थांब जरा.’’

तुमच्या गावात कुणी अशा नोंदी ठेवत असेल तर आम्हाला जरूर कळवा.